प्राचीन इतिहासाच्या तासाला मुलांचे गट पाडावेत का?

प्रश्न : मी सहावीला इतिहास शिकवते. काही मुले वाचून, काही चित्रे पाहून, तर काही हाताने करून शिकतात, असे आम्हांला प्रशिक्षणात सांगण्यात आले. त्यानुसार हडप्पा संस्कृतीच्या पाठासाठी वेगवेगळे गट करावेत का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांच्या आवडी आणि शिकण्याचा वेग निराळा असतो, हे खरेच; परंतु मुलाच्या ‘शैली’नुसार शिकवले की ते अधिक चांगले शिकते, या समजुतीला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन मांडला. शिवाय ‘हा वाचणारा नव्हे’ असा शिक्का एकदा बसला की त्या मुलाच्या हातून पुस्तक सुटते, याची मला अधिक काळजी वाटते.

पाठ कसा शिकवावा, हे त्या काळाच्या पुराव्याकडे पाहून ठरवावे. हडप्पा संस्कृतीची लिपी अद्याप उलगडलेली नाही, त्यामुळे वर्गातील उत्तम वाचकालाही तेथे वस्तूंकडेच वळावे लागते. तेथील पक्क्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण बहुधा १:२:४ असते. घरांच्या विटा साधारण ७, १४ आणि २८ सेंटिमीटरच्या. या मापाचे पुठ्ठ्याचे ठोकळे सगळ्याच मुलांकडून करवून घ्या आणि त्यांची भिंत रचू द्या. दोन विटांची रुंदी मिळून एका विटेची लांबी होते, हे हाताला कळले की सांधेमोड, म्हणजे वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर न येऊ देणे, कशी साधते, ते वेगळे सांगावे लागत नाही. मग विचारा : हडप्पा आणि मोहेंजोदडो यांच्यात सुमारे सहाशे किलोमीटरचे अंतर असताना हे प्रमाण एकच कसे? उत्तर मात्र प्रत्येकाने लिहावे, चित्रांत रमणाऱ्यानेही.

अशोकाचा पाठ कानांनी शिकण्याचा आहे. ओडिशातील धौली आणि जौगड येथील त्याच्या स्वतंत्र शिलालेखांत, ते ठरावीक दिवशी लोकांना ऐकवावेत, अशी आज्ञाच आहे. म्हणून कलिंगच्या युद्धाबद्दलचा पश्चात्ताप व्यक्त करणारा तेरावा शिलालेख मराठी अनुवादातून सावकाश, मोठ्याने वाचावा.

अक्षरे वाचण्यातच खरी अडचण असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला प्रश्न वाचून दाखवा, तोंडी उत्तर स्वीकारा आणि तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याविषयी पालकांशी अवश्य बोला.