आई-बाबांना घेऊन साल्झबर्गला जाताय? मूळ पासपोर्ट बरोबर घ्या

‘आम्ही म्युनिकला राहतो, उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत. त्यांना एका दिवसात ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग दाखवून आणता येईल का?’ हा प्रश्न दर मे महिन्यात येतो. येईल, अगदी आरामात येईल. पण आधी आमच्यावर काय वेळ आली ते सांगते.

सासूबाईंनी त्यांचा पासपोर्ट हरवायला नको म्हणून रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला होता. माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता, म्हणून मीही आग्रह धरला नाही. जाताना कुणी काही विचारलं नाही. येताना फ्रायलासिंगला, म्हणजे सीमेलगतच्या जर्मन स्टेशनवर, गाडी थांबली आणि पोलीस डब्यात चढले. फोटो चालला नाही. आम्हाला खाली उतरवलं आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत बसवून ठेवलं. ते नीटच वागले, चूक आमची होती. पण सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली मान घालून बसल्या होत्या, ते मला अजून विसरता येत नाही.

ही सीमा डोळ्यांना दिसतच नाही. साळाख नदीवरचा पूल ओलांडला की देश बदलतो, तेवढ्यात तुम्ही जेवणाचा डबा उघडलेलाही नसतो. पण २०१५ पासून जर्मनीने ऑस्ट्रियाच्या बाजूने येणाऱ्यांची तपासणी पुन्हा सुरू केली आहे. म्हणून प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट हवा, आणि इथे राहणाऱ्यांचं निवास परवान्याचं कार्डही हवं. बाळ जर्मनीत जन्मलं असलं तरी त्याचे कागद वेगळे. परवान्याचं नूतनीकरण चालू असेल आणि हातात नुसता तात्पुरता कागद असेल, तर त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं का, हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय निघू नका.

आई-बाबांचा शेंगेन व्हिसा सिंगल एन्ट्रीचा असला तरी घाबरू नका. ऑस्ट्रिया शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातच आहे, एन्ट्री खर्च होत नाही. क्रोएशियाही २०२३ पासून आत आला. पण तिथून एका दिवसासाठी बोस्नियातल्या मोस्तारला गेलात, तर त्याच व्हिसावर परत आत येता येणार नाही.

आता गाडीचं. बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट, थेट साल्झबर्ग मुख्य स्थानकापर्यंत चालतं, एका तिकिटावर पाच जण जातात. सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी नऊनंतरच लागू होतं. ते फक्त रिजनल गाड्यांना चालतं, रेलजेट या जलद गाडीत चढू नका. प्रवास पावणेदोन-दोन तासांचा. प्रीन स्टेशननंतर डाव्या हाताला कीमझे तलाव दिसतो, आजोबांना त्या बाजूची खिडकी द्या.

साल्झबर्गला पोचल्यावर सगळं बघायचा अट्टहास नको. मिराबेल बाग, झाल्त्साख नदीवरचा पादचारी पूल, गेट्रायडेगासेतलं नऊ नंबरचं मोझार्टचं जन्मघर (तो १७५६ सालचा), एवढ्यात दुपार होते. किल्ल्यावर चालत जायचा आग्रह मुलं धरतील, पण चढ खडा आहे आणि गुडघे दुखतात ते आई-बाबांचे. १८९२ पासून चालणारी दोरावरची रेल्वे आहे, तिनेच जा. वर पोचलं की एका बाजूला सगळं गाव आणि दुसऱ्या बाजूला आल्प्स. तिथे अर्धा तास तरी त्यांना निवांत बसू द्या, फोटो नंतर.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर असू द्या. रविवारी दुकानं बंद असतात आणि शाकाहारी ज्येष्ठांना उपाहारगृहात नुसत्या चीजवर दिवस काढावा लागतो. रक्तदाबाच्या गोळ्या आणि प्रवास विम्याचा कागद पासपोर्टच्याच पिशवीत ठेवा. ती पिशवी सामानाच्या फळीवर नको, कुणाच्या तरी गळ्यात असू दे, आणि येताना फ्रायलासिंगच्या आधीच उघडून बसा.