वाचकांचे प्रश्न : पद्मिनीचे ढिले स्टिअरिंग

प्रश्न : माझ्याकडे 1983 सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. स्टिअरिंग दोन-अडीच इंच फिरवले तरी चाके जागची हलत नव्हती. मेकॅनिकने स्टिअरिंग बॉक्सवरचा (स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीवरचा) स्क्रू आवळल्यावर हा प्ले (मोकळी हालचाल) थोडा कमी झाला. पण आता वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. बॉक्स बदलावा काय?

उत्तर : बॉक्स बदलण्याची घाई करू नये. वळणानंतर स्टिअरिंग अडकून राहते, याचा अर्थ स्क्रू बहुधा प्रमाणाबाहेर आवळला गेला आहे. गाडी बहुतांश वेळ सरळ धावत असल्याने बॉक्समधला वर्म (पेचदार गिअर) मधल्या भागात अधिक झिजतो, आणि तेथील प्ले पूर्ण जाईपर्यंत स्क्रू आवळला की दोन्ही बाजूंच्या न झिजलेल्या भागांत वर्मवर फिरणारा रोलर जाम होतो. अशी गाडी चालवणे धोक्याचे आहे, म्हणून तो स्क्रू आधी सैल करून घ्यावा.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, एकाला स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगावे आणि आपण खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जावे. ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा, रॉड हलवणारा दांडा) हलूनही पुढचा रॉड उशिरा हलत असेल, तर दोष त्या सांध्यात आहे, हे बोटाला लगेच कळते. डाव्या बाजूच्या आयडलर आर्मकडे (रॉडचे दुसरे टोक धरणाऱ्या दांड्याकडे) विशेष लक्ष द्यावे. त्याचा बुश (सांध्यातली नळी) झिजला की तो वर-खाली डुलतो, आणि गॅरेजमध्ये नेमका तोच पाहायचा राहतो. बॉक्सच चेसिसवर हलत असेल, तर बोल्ट ढिले आहेत किंवा तेथील पत्रा गंजाने तडकला आहे.

मग पुढचे चाक जॅकवर उचलून, गाडीला स्टँड लावून, चाक वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवावे. दुसऱ्याने ब्रेक दाबताच खडखड थांबली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. थांबली नाही तर किंग पिन (जिच्याभोवती पुढचे चाक वळते ती उभी पिन) तपासावी. दोन बाजूंच्या कडांना आडवे धरून हलवल्यावरच प्ले जाणवला, तर टाय रॉड एंडचा (चाकाला वळवणाऱ्या रॉडच्या टोकाच्या सांध्याचा) संशय घ्यावा.

टाय रॉड एंड बदलल्यास स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी दुभंगी पिन) नवी घालावी आणि टो-इन (पुढच्या चाकांचा किंचित आत झुकलेला कोन) पुन्हा बसवून घ्यावे. एवढे करूनही स्टिअरिंगच्या रिमवर (कडेवर) इंचापेक्षा जास्त प्ले उरला, तरच बॉक्समधील गिअर ऑइलची पातळी पाहून, चाके सरळ ठेवून, स्क्रू अगदी किंचित फिरवावा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत विनाअडथळा फिरते याची खात्री करूनच स्क्रू जागी धरणारा लॉक नट आवळावा.