सुरक्षेवरचा पहिला प्रकल्प करताय?
विषय ‘गुन्हेगारी’ नको. ‘स्टेशनबाहेरची सायकलचोरी’ एवढाच पुरे. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या अभ्यासात पोलिसांना आलेले निम्मे कॉल जेमतेम 3 टक्के ठिकाणांचे निघाले. म्हणून आधी नकाशा, उपाय नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- चोऱ्या अचानक वाढल्या की कॅमेरे बसतात. पुढे आकडा बऱ्याचदा आपसूकच सरासरीकडे उतरतो आणि श्रेय कॅमेरे खाऊन जातात! आधीची निदान 2-3 वर्षांची महिनावार आकडेवारी घ्या. उपाय न झालेला तसाच दुसरा भाग तुलनेला ठेवा.
- नोंदीची वेळ ही गुन्ह्याची वेळ नव्हे. सायकल सकाळी 9ला लावली, संध्याकाळी 6ला गायब दिसली, तर दोन्ही वेळा लिहा.

किचकट सांख्यिकी मॉडेलं सध्या राहू द्या. एक्सेलवर भागतं.