पिकअपच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगा बदलायच्या आहेत, हेवी ड्यूटी घेऊ का?

तुमचा प्रश्न असा: 2018 ची इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, लाखभर किलोमीटर झालेले, पुढून नाक खाली गेलंय, मागे अधूनमधून लसणाची पोती असतात आणि दुकानदार म्हणतोय, "हेवी ड्यूटीच टाका, एकदाच काय तो खर्च." मीही इंदूरचाच, गाडीही तीच, आणि हेच वाक्य ऐकून पैसे घालवून बसलोय. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी एक सांगा, गाडीच्या तोंडावर काय काय लावलंय? लोखंडी गार्ड, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), जादा बॅटरी? यातलं काहीच नसेल तर हेवी ड्यूटी घेऊच नका.

या जाड स्प्रिंगांचे कॅटलॉग बहुतेक ऑस्ट्रेलियातून आलेले असतात. तिकडे रात्री रस्त्यावर कांगारू आडवे येतात, त्यामुळे पिकअपला पुढे लोखंडी बार, म्हणजेच गार्ड, असणं नेहमीचं. म्हणून स्प्रिंगाही तशाच विकतात: बार नसलेल्या गाडीची, बारवाली आणि बार-विंच दोन्हीवाली. लोखंडी बार सहज 40 ते 60 किलोचा, विंच 30-40 किलोचा, आणि दोन्ही पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेले. तराजूच्या दांडीसारखं होतं ते, चाकांवर त्यांच्या वजनापेक्षा जास्तच भार येतो. आपल्याकडे मात्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं की असे गार्ड मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये बसत नाहीत. म्हणजे ज्या वजनासाठी ती स्प्रिंग वळलेली आहे, ते वजन तुमच्या गाडीवर नाही, आणि असायलाही नको.

लसणाचं म्हणाल तर तो मागे. मागे या गाडीला पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, पोत्यांचा भार ते उचलतात. पोती मागच्या चाकांच्याही मागे, फाळक्याला टेकून लावलीत तर उलट पुढचा भार हलका होतो. माल भरल्यावर गाडी मागून बसत असेल तर पाटेवाल्याकडे जा.

माझी गंमत ऐका. मी बार-विंचवाली जोडी घेतली आणि बंपर मात्र कंपनीचाच. गाडी पुढून अशी ताठ उभी राहिली की आई चढताना म्हणाली, "घोड्यावर बसवतोस का रे?" ते चाललं असतं. पण स्पीडब्रेकरवरून चाक खाली उतरलं की पुढून "टक्" असा आवाज यायचा, दर वेळी. दोन मेकॅनिकांनी बुश (सांध्यातले रबर) बदला म्हणून सांगितलं, एक जोडी बदललीही. कारण भलतंच होतं. ताठ स्प्रिंगेवर पुरेसं वजन नसल्यामुळे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेला राहायचा, खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरत नव्हती. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरचे आतले डांबरी रस्ते लाटा धरतात. सांवेरकडच्या अशा एका रस्त्यावर हातातला चहा सगळा शर्टावर. चार महिन्यांनी ती जोडी अर्ध्या किमतीत दिली. अर्थात, डोळे झाकून घेणारा मीच.

आता तुमची स्प्रिंग खरंच बसली आहे का, ते मोजून बघा. सपाट जागा, टाकी भरलेली, मागे माल नाही. गाडी थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी येतं. मग चाकाच्या मधल्या टोपीपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली तर आकडा फसवतो. दोन्ही बाजू मोजा. तशाच एखाद्या कमी चाललेल्या गाडीचा आकडा मिळाला तर उत्तमच.

इथे एक गैरसमज फार आहे. जुनी स्प्रिंग "मऊ" झाली असं सगळे म्हणतात. ती मऊ होत नाही, बुटकी होते. स्प्रिंगेचा ताठपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलाद यावर ठरतो. तार गंजून बारीक झाली किंवा वेटोळं तुटलं नसेल तर यातलं काहीच वयाने बदलत नाही. म्हणून नाक खाली असेल तर स्प्रिंग बघा, आणि ब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा हिंदकळत असेल तर शॉकअप. दोन्ही असेल तर दोन्ही एकदमच बदला, खोलायची मजुरी एकदाच पडते.

जाडीचा हिशेब मात्र लक्षात ठेवा. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 14 मिलिमीटरच्या जागी 15 ची तार आली आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर स्प्रिंग सुमारे 32 टक्के ताठ. "एक मिलिमीटरने काय होतंय" असं कुणी म्हणालं तर हे सांगा. तारेची जाडी व्हर्नियरने (मापाच्या पट्टीने) मोजताना रंगाचा थर धरू नका.

दुसरा हिशेब उंचीचा. या गाडीत स्प्रिंग चाकावर थेट बसत नाही, लोअर आर्मवर (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यावर) मध्येच कुठेतरी टेकते. त्यामुळे स्प्रिंगेवर 20 मिलिमीटरची चकती टाकली तर गाडी 20 नाही, साधारण 35 ने उठते. स्वस्तात नाक वर करायला लोक चकत्या टाकतात, पण बसलेली स्प्रिंग बसलेलीच राहते आणि फोर बाय फोरमध्ये ॲक्सलच्या सांध्यांचा कोन वाढतो. मी टाकणार नाही. वेटोळं कापून किंवा तापवून उंची जुळवणारा भेटला तर चहासुद्धा न पिता निघा.

तेव्हा तुमच्यासाठी: मूळ पार्ट नंबरची जोडी, किंवा त्याच कॅटलॉगमधली "बार नाही" या रकान्यातली. एकच बाजू कधीही बदलू नका. पुढे खरंच काही जड लावलं असेल तर देवास नाक्याकडच्या एखाद्या काट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या आणि तो आकडा दुकानदारासमोर ठेवा.

बसवताना स्वतः उभे राहा. दाबलेली स्प्रिंग वरचा नट सुटल्यावर माणसाचा हात मोडू शकते, स्प्रिंग दाबून धरणारा नीट कॉम्प्रेसर नसेल आणि दोरी-तारेवर काम चाललं असेल तर गाडी परत आणा. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळायला सांगा. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत बहुतेक जण हेच चुकतात. मग चाकांची अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोतही खाली घ्या, नाहीतर खंडवा रोडच्या घाटात समोरचे शिव्या देतील.

नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसतेच. पहिल्या दिवसाचा आकडा फोनमध्ये नको, दाराच्या आतल्या कडेला मार्करने लिहून ठेवा आणि महिन्याने त्याच जागी टेप लावा.