वाचकांचे प्रश्न : लिहायला हात मोकळे हवेत

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. लग्नाला नऊ वर्षे झाली असून मुलगी सात वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. घरची पाच एकर कोरडवाहू शेती आहे. कॉलेजपासून मला कथा लिहिण्याची आवड आहे आणि दोन वर्षांपूर्वी माझी एक कथा दिवाळी अंकात छापूनही आली. यजमानांचा विरोध नाही, विषय काढला की ते म्हणतात, "लिव्ह ना, कोन नाई म्हनते?" परंतु स्वयंपाक, मुले, वावर आणि सासूबाईंची औषधे यांतून वही हातात येते तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात आणि दुसऱ्या ओळीवरच डोळे मिटतात. मागच्या महिन्यात मी लिहीत बसले असताना मुलगा ओसरीवरून पडला आणि त्याच्या कपाळाला टाके घालावे लागले. तेव्हापासून वही उघडायला मन धजत नाही. सासूबाई म्हणतात, बहिणाबाईंनी संसार करता करताच गाणी रचली, मग तुलाच वेगळा वेळ कशाला हवा? मुले मोठी होईपर्यंत लिखाण थांबवावे का?

उत्तर : आधी टाक्यांविषयी बोलू, कारण तुमची वही तिथेच अडली आहे. तीन वर्षांचे मूल तुम्ही भाकरी थापत असतानाही ओसरीवरून पडले असते आणि तेव्हा कोणी भाकरीला दोष दिला नसता. त्या वेळी मुलावर लक्ष ठेवायला कोणीच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो दोष तुमच्या वहीचा नाही आणि तुमच्या एकटीचाही नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर दिले पाहिजे, कारण तो प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर बसल्या की ओवी त्यांच्या ओठांवर येई, कारण ओवीची चाल दळणाच्या लयीतच बसलेली असते. हात खुंट्यावर असले तरी तोंड मोकळे असते. आपल्याकडच्या भुलाबाईच्या गाण्यांचेही तसेच आहे. कथेला मात्र कागद लागतो, लेखणी लागते आणि दोन्ही हात रिकामे असावे लागतात. शिवाय सासूबाईंना हेही जरूर सांगा की बहिणाबाईंची गाणी आज आपण वाचतो, ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एका नातलगाने वेळोवेळी कागदावर उतरवून घेतली म्हणून, आणि त्यांचे पुस्तक निघाले ते १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. म्हणजे तिथेही लिहिणारे हात लागलेच, ते फक्त दुसऱ्या कोणाचे होते.

म्हणून तुमची अडचण मी वेळेची मानत नाही, हातांची मानते. "कोन नाई म्हनते" ही परवानगी झाली, आणि परवानगीने मूल जेवत नाही की निजत नाही. यजमान मनाने चांगले दिसतात. तेव्हा त्यांच्याकडे 'सहकार्य' मागू नका, नेमके काम मागा. मी स्वतः कित्येक वर्षे "मला समजून घ्या" असे म्हणत राहिले आणि घरातल्या कोणालाच त्याचे काय करायचे ते कळले नाही. मग एका बुधवारी मी सरळ म्हटले, "आजपासून बुधवारचे आणि शनिवारचे दळण तुम्ही आणायचे." आमच्या यांनी ज्वारीचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि निघताना विचारले, "बारीक सांगू की जाड?" त्या पाऊण तासात लिहिलेले पान अजून माझ्या संदुकीत आहे आणि त्याच्या कडेला हळदीचे बोट उमटलेले आहे. तुम्ही आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मागून घ्या : सात ते आठ मुलाला भरवणे आणि निजवणे यजमानांकडे, आणि त्या तासात तुम्ही दार लोटून बसायचे.

एक गोष्ट मात्र करू नका. हात मोकळे व्हावेत म्हणून सात वर्षांच्या मुलीला भावाच्या मागे जुंपू नका. आपल्या खेड्यांत हे इतके सहज घडते की कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग तिच्या वहीचीही हीच गत होते.

दुसरे असे की शेतकऱ्याच्या घरात लिखाणालाही हंगाम पाळावा लागतो. दिवाळी अंकांसाठी साहित्य साधारणपणे जून-जुलैच्या सुमारास मागवले जाते आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे पेरणी, डवरणी आणि निंदण यांची घाई असते. म्हणून तूर घरात आली आणि कापसाचे वेचे संपले की फेब्रुवारीत कथेला हात घालावा आणि मृग लागण्याआधी तिची स्वच्छ प्रत तयार ठेवावी. सोयाबीनच्या सोंगणीचे पंधरा दिवस वही खुशाल संदुकीत ठेवा; त्यासाठी मनाला लावून घेऊ नका. पावसाळ्यात फक्त टिपण करा. निंदणाच्या पातीवर बायांच्या तोंडून ऐकलेले एखादे वाक्य वावरातून परतताना मोबाइलमध्ये बोलून ठेवले तरी पुरे. डोक्यावर भारा असला तरी एवढे जमते.

आणि थांबू नका. मुले मोठी होतील तेव्हा वेळ मिळेलही, पण तीन वर्षांचा मुलगा आज ज्या बोबड्या शब्दांनी चांदोबाला हाक मारतो, ते शब्द तेव्हा तुम्हाला आठवणार नाहीत. तुमच्या कथांना लागणारा ऐवज आजच तुमच्या अंगणात पडलेला आहे.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात राहते आणि कविता लिहिते. सासरच्या नावाने कविता छापून आली की गावात चर्चा होते, असे घरचे म्हणतात. माहेरचे नाव लावावे का?

उत्तर : ज्या नावाने तुमचा हात मोकळेपणाने चालेल, ते लावा. १९३३ मध्ये बाळूताई खरे (पुढे मालतीबाई बेडेकर) यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध केले, कारण स्त्रीच्या मनातले जे त्यांना मांडायचे होते ते स्वतःच्या नावाने मांडणे त्या काळी फार अवघड होते. तेव्हा टोपणनाव घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त एकदा घेतलेले नाव सारखे बदलू नका, नाहीतर वाचकाला तुमची ओळख पटणार नाही. कविता पाठवताना सोबतच्या पत्रात टोपणनाव आणि बँकेच्या पासबुकावरचे नाव अशी दोन्ही स्पष्ट लिहा. मानधनाचा धनादेश पासबुकावरच्या नावानेच निघाला पाहिजे, नाहीतर तो खात्यात जमा होत नाही.