चालताना काही झालं तर?

"मॅडम, डॉक्टर म्हणतात रोज चालवा. पण चालता चालता यांना काही झालं तर?"

आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो. मंगळवारी आणि शुक्रवारी मी हृदयरोग विभागात समुपदेशक म्हणून बसते. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी मुलगी. पेशंट शेजारी बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असतो. अँजिओप्लास्टीला महिना झालेला असतो, बारा आठवड्यांच्या 'कार्डिॲक रिहॅब'ला, म्हणजे हृदयाच्या पेशंटसाठीच्या व्यायामाला, नाव घातलेलं असतं आणि दोन-तीन खेपांतच गाडी अडलेली असते.

मुळात नावापासून घोटाळा. 'रिहॅब' म्हटलं की लोकांना व्यसनमुक्ती केंद्र आठवतं आणि 'पुनर्वसन' म्हटलं की धरणग्रस्त. एका काकांनी मला सुनावलं होतं, "आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, मला कसलं रिहॅब?" तेव्हापासून मी सरळ 'व्यायामाचा वर्ग' म्हणते.

ज्यांच्याकडून मी सगळ्यात जास्त शिकले त्यांना आपण तात्या म्हणू. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 57, कारखान्यात फोरमन. छत्तीस खेपांपैकी दोनच झालेल्या. काकू वैतागून म्हणाल्या, "आधी ऊन होतं, मग रिक्षाचे पैसे. आता म्हणतात, स्टेंट टाकला, पाइप मोकळा झाला, आता कशाला?"

मला वाटलं, चोर सापडला. स्टेंटमुळे अडलेली जागा मोकळी होते, पण रक्तवाहिन्या त्याच राहतात आणि सवयीही त्याच, हे मी चित्र काढून समजावलं. तात्यांनी मान डोलावली. वर्गाला मात्र गेले नाहीत. पुढच्या भेटीतही तेच. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या पठडीत तयार झालेली. माणसाच्या मनातलं चुकीचं वाक्य शोधायचं आणि त्याच्याशी वाद घालायचा, हा माझा हातखंडा. इथे मी भलत्याच वाक्याशी भांडत होते.

तिसऱ्या भेटीत माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. काकू बोलत होत्या आणि तात्यांची उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर टेकलेली होती. घड्याळ त्यासाठी वर कोपराकडे सरकवलेलं. ओठ किंचित हलत होते.

"किती भरले?" मी विचारलं.

ते दचकले. बोटं उचलली, पुन्हा टेकवली. "ब्याऐंशी. मघाशी अठ्ठ्याहत्तर होते."

मग हळूहळू बाहेर आलं. दुसऱ्या खेपेला ट्रेडमिलवर धाप लागली, कानात ठोके ऐकू यायला लागले, कपाळावर घाम आला. "त्या दिवशी जिन्यात अगदी असंच सुरू झालं होतं." फिजिओथेरपिस्टला त्यांनी सांगितलं पाय दुखतोय, आणि खाली उतरले. तीस वर्षं मशिनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस आता दिवसरात्र स्वतःच्या छातीला कान लावून बसला होता.

"घरी बोललात?"

"हिला काय सांगू? ही रात्री माझ्या नाकाशी हात धरून बघते, श्वास चालू आहे का. मी जागाच असतो. हिला बरं वाटावं म्हणून संथ श्वास घेत पडून राहतो."

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मला वाटायचं, तुम्हाला झोप लागली."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, आणि या पेशात वीस वर्षं काढल्यावर एवढं तरी जमतं याचं मला थोडं कौतुक आहे. दोघंही एकमेकांची भीती राखत बसले होते. तात्यांना एकट्याला कितीही समजावलं असतं तरी घरी गेल्यावर 'जपून हं, जिना नको' हे ऐकून सगळं पाण्यात गेलं असतं.

अशा वेळी मला 1985 सालचा एक जुना अभ्यास आठवतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा त्यात होते. हार्ट अटॅक येऊन तीन आठवडे झालेल्या पुरुषांची ट्रेडमिल चाचणी घेतली. काही बायका बाहेर थांबल्या, काहींनी नुसती पाहिली, तर काही स्वतः तीन मिनिटं ट्रेडमिलवर चालल्या. नवऱ्याच्या हृदयाच्या ताकदीवर सर्वांत जास्त विश्वास बसला तो स्वतः चालून बघणाऱ्यांचा.

डॉक्टरांना विचारून, काकूंचं बीपी तपासून आम्ही तेच केलं. काकूंनी चपला बाजूला काढल्या, फिजिओथेरपिस्टने बूट आणून दिले. निऱ्या वर खोचून, दांडी घट्ट धरून त्या चालल्या. दुसऱ्याच मिनिटाला धाप. "अगंबाई, माझंही धडधडतंय की!"

तात्या शेजारी उभे होते. महिन्याभरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. निरोगी माणसाचंही हृदय चालताना धडधडतं, हे मी तीन भेटी सांगत होते. ते काकूंनी तीन मिनिटांत पटवलं.

तुमच्या घरी हाच प्रश्न असेल तर आधी लक्षणांतला फरक डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. चालताना दम लागला पण बोलता येतंय, थांबल्यावर थोड्या वेळात शांत वाटतंय, तर ती मेहनतीची धाप. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, थंड घाम, चक्कर असेल तर तिथेच बसायचं, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यायची आणि न थांबणारं दुखणं असेल तर 108 ला फोन. 'बघू थोडा वेळ' नको.

दुसरं, वर्ग बुडवणाऱ्याला लगेच आळशी ठरवू नका. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला खरं नैराश्य येतं. दोन आठवडे मन कशातच लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांनाच तसं स्पष्ट सांगा. आणि पेशंट बाई असेल तर 'ती दिवसभर घरात राबतेच की' म्हणून वर्ग रद्द करू नका. हे मी फार पाहते आणि दर वेळी चिडते.

तात्यांना फिजिओथेरपिस्टने मेहनतीचे आकडे शिकवले. सहा म्हणजे स्वस्थ बसणं, वीस म्हणजे जीव काढणं, तेरा म्हणजे थोडं जड. मनगट चाचपण्याऐवजी आकडा बोलायचा. मध्ये आठवडाभर त्यांनी पुन्हा दांडी मारली, जिभेखालच्या गोळीची डबी अजून खिशात दोनदा चाचपतात. पण खेपा तीसच्या वर झाल्या.

परवा विभागाच्या जिन्यात दोघं भेटले. लिफ्ट सोडून चढत होते. काकूंनी विचारलं, "अहो, किती?"

"बारा. तुझं?"

कठड्याला धरून काकू म्हणाल्या, "पंधरा. थांबा जरा."