उष्णतेची वाट मोकळी करणे : ताओ आणि डेटा सेंटरचे कूलिंग

प्रश्न : ताओवाद हे प्राचीन चिनी तत्त्वज्ञान ‘वू-वेई’, म्हणजे काही न करणे, शिकवते. मग डेटा सेंटरमधली कूलिंगची यंत्रे बंद ठेवायची का?

उत्तर : मुळीच नाही. वस्तूच्या घडणीविरुद्ध जोर न लावता काम साधणे, असा वू-वेईचा रोख आहे. ‘झ्वांगझी’ या प्राचीन ग्रंथातला डिंग नावाचा स्वयंपाकी बैल कापताना सुरी सांध्यांमधल्या पोकळीतूनच फिरवतो, म्हणून 19 वर्षे तिला धार लावावी लागत नाही. डेटा सेंटरमध्ये नेमके उलटे घडते. सर्व्हर, म्हणजे तिथले संगणक, ज्या उभ्या चौकटींत रचतात त्या रॅकमधल्या रिकाम्या जागा उघड्या राहिल्या, की सर्व्हरच्या मागून निघालेली गरम हवा त्या फटींतून पुढे येऊन पुन्हा आत ओढली जाते. वरचे सर्व्हर तापतात, अलार्म वाजतो, कोणीतरी सेटपॉइंट, म्हणजे कूलिंगसाठी ठरवलेले तापमान, खाली आणतो आणि दोन-चार सर्व्हरपायी सारी खोली विनाकारण गारठते. त्या फटींवर ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे झाकणपट्ट्या, बसवणे आणि गरम हवेची मार्गिका बंदिस्त करणे, हे आधी करावे. नव्या चिलरचा, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, विचार त्यानंतर.

प्रश्न : पंख्यांचा वेग कमी करून आणि तापमान वाढवून किती वीज वाचते?

उत्तर : पंख्याला लागणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 80 टक्क्यांवर आणला तर वीज सुमारे 51 टक्केच लागते. म्हणून मोजके पंखे पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा सगळे संथ चालवणे बहुधा स्वस्त पडते. तापमानाबाबत मात्र सावध राहावे. ‘अ‍ॅश्रे’ ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी 18 ते 27 अंश सेल्सिअसची शिफारस करते. वरच्या टोकाकडे जाताना सर्व्हरचे स्वतःचे पंखे वेग घेतात आणि ती वीज आयटी भारात, म्हणजे संगणकांच्या वापरात, मोजली जात असल्यामुळे, एकूण वीज भागिले आयटी वीज हे पीयूई गुणोत्तर सुधारलेले दिसते, बिल मात्र वाढलेले असू शकते. नुसत्या पीयूईवर खूश होणाऱ्या व्यवस्थापकांना हे पटवणे सोपे नसते.

प्रश्न : बाहेरची हवा किंवा समुद्राचे पाणी वापरणे, हाच खरा ताओ मार्ग नव्हे का?

उत्तर : जागा अनुकूल असेल तरच. फिनलंडमधील हामिना येथे जुन्या कागद गिरणीच्या जागी उभारलेल्या गूगलच्या केंद्रात गिरणीचाच बोगदा वापरून समुद्राचे पाणी आणले जाते, आणि परत सोडण्यापूर्वी त्यात समुद्राचेच ताजे पाणी मिसळून त्याचे तापमान उतरवले जाते. दमट, उष्ण हवामानात बाष्पीभवनावर चालणारे कूलिंग फारसे साधत नाही. कोरड्या प्रदेशात ते साधते, परंतु विजेची बचत पाण्याच्या खर्चाने होते, आणि पाणी जिथे दुर्मीळ आहे तिथे मी ते सुचवणार नाही.